सतार कव्हरमधून बाहेरच येत नाही

पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील काढले आहेत)

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. शाळेत आणि पुढे कॉलेजात मिळून पाच वर्षं सतार शिकलो. नोकरी लागली आणि ती सुटली. दोन वर्षांपूर्वी पुन्हा शिकायला लागलो. दर शनिवारी क्लास असतो. बाई मनापासून शिकवतात, तिथला तास कसा जातो कळत नाही. पण घरी सतारीकडे हात जात नाही. शुक्रवारी रात्री घाईघाईनं तासभर गत वाजवून काढतो आणि शनिवारी बाईंसमोर अडखळलो की मान वर करवत नाही. बाकीचे दिवस सतार कव्हरमध्येच. (चिकारीची एक तार तुटली आहे, तीही दोन महिने बदलायची राहिली आहे.) रोज पहाटे उठून तासभर रियाज करायचा असं सात-आठ वेळा ठरवलं, दर वेळी चौथ्या-पाचव्या दिवशी मोडलं. परवा पत्नी सहज म्हणाली, "खरंच आवड असती तर वेळ काढला असतास." ते फार लागलं. मला मुळात आवडच नाही का? की माझ्यात चिकाटी नाही? रियाजाची इच्छा आणायची तरी कुठून?

उत्तर

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे. चिकारीची, म्हणजे कडेला षड्ज झंकारत ठेवणारी, तार दोन महिने तुटलेली आहे, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि लगेच आवड, चिकाटी, इच्छा अशा मोठ्या शब्दांकडे वळलात. मी त्या तारेपाशीच थांबले.

दिवसभराचं काम उरकून तुम्ही घरी येता आणि सतारीचा विचार मनात येतो, त्या क्षणी तुमच्यापुढे काय काय असतं ते बघा. कोपऱ्यातून सतार आणायची. कव्हर काढायचं. मिझराब, म्हणजे बोटात घालायची तारेची नखी, शोधायची. जमिनीवर नीट मांडी जमवून बसायचं. मुख्य तारा आणि तरफा (पडद्यांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा) धरून अठरा ते वीस तारा, त्यातल्या बऱ्याच उतरलेल्या. त्या लावायच्या. आणि एवढं करून वाजवायला घेतलं तरी चिकारी अर्धी रिकामी, म्हणजे कानाला सतत काहीतरी कमी असल्याची जाणीव. ती तार बदलायची म्हटलं तर खालच्या खिळ्याला अडकवा, खुंटीला गुंडाळा, ताणून षड्जावर आणा. आणि नवी तार पहिले दोन-तीन दिवस ताणत राहते, त्यामुळे ती सारखी उतरणार. पहिला स्वर निघायच्या आधीच पंधरा-वीस मिनिटांचं काम पडलेलं असतं. दमलेल्या माणसाचा हात त्याच्याकडे जात नाही यात चिकाटीचा प्रश्न मला तरी दिसत नाही. घरातली पायरी फार उंच झाली आहे, एवढंच दिसतं.

म्हणून सुरुवात तिथून करू. तार बदला. स्वतःला जमत नसेल तर शनिवारी बाईंकडे घेऊन जा आणि त्यांच्यासमोर बदला, म्हणजे पुढच्या वेळी येईल. सतार कव्हरमधून काढा आणि जिथे तुम्ही संध्याकाळी बसता तिथेच, कुणाचा पाय लागणार नाही आणि ऊन येणार नाही अशा जागी स्टँडवर ठेवा. धुळीसाठी वरून एक मऊ कापड पुरतं. मिझराब एका छोट्या डबीत, डबी सतारीच्या शेजारी, कायम. आणि रोजच्या रियाजाला सगळ्या तारा लावत बसू नका. बाजाची (मुख्य वाजवायची) तार मध्यमाला, जोडीची तार षड्जाला, चिकारी, एवढं लावलं की सुरू करा. तरफा क्लासच्या आदल्या दिवशी लावा. तरफा नीट नसल्या की सतार थोडी कोरडी वाजते हे मला मान्य आहे. पण कोरडी का होईना, वाजली पाहिजे.

आता तुमच्या पत्नीच्या वाक्याकडे येते, कारण ते तुमच्या मनात रुतलेलं आहे. "आवड असती तर वेळ काढला असतास." हे इतकं खरं वाटतं की आपण ते तपासून बघत नाही. तुम्ही रोज दात घासता. त्याची आवड म्हणून नव्हे. उलट ज्या मैत्रिणीवर जीव आहे तिला फोन करायचा महिनोन्महिने राहून जातो, आणि म्हणून ती नावडती होत नाही. आवड वेगळी आणि सवय वेगळी. आवड नसताना सवय असू शकते, सवय नसताना आवडही असू शकते. तुमच्याकडे दुसरी परिस्थिती आहे. ज्याला सतार आवडत नाही तो नोकरी-संसार सांभाळून दोन वर्षं दर शनिवारी क्लासला जात नाही, आणि चुकलं म्हणून त्याची मान खाली जात नाही.

त्यातही "आवड" या एका शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो. संगीत ऐकायची आवड, वाजवायची आवड आणि रियाजाची आवड. पहिल्या दोन असून तिसरी नसणं अगदी सर्वसाधारण आहे. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९९३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. दहा हजार तासांची जी गोष्ट पुढे जगभर झाली ती याच निबंधातून उचललेली. पण त्यातली मला जास्त मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. त्या मुलांना विचारलं होतं की दिवसभरातल्या कामांपैकी वादन सुधारायला काय उपयोगी आणि आनंद कशात. एकट्यानं बसून केलेला सराव त्यांनी सगळ्यात उपयोगी ठरवला. सगळ्यात आनंदाच्या गोष्टींत मात्र तो नव्हता. जी मुलं पुढे व्यासपीठावर बसणार होती त्यांनासुद्धा सराव हे मेहनतीचं कामच वाटत होतं. मग तुम्हाला आठवड्यातून पाच दिवस तो नकोसा वाटतो, याचा अर्थ "मला आवड नाही" असा काढू नका.

मग क्लासमधला तास कसा जातो कळत नाही, आणि घरचा तास मात्र सुरूच होत नाही, असं का? मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. क्लासमध्ये पुढे काय वाजवायचं ते बाई सांगतात. चुकलं की त्याच जागी थांबवतात. कुठे चुकलं, का चुकलं ते दाखवतात, सोपं करून देतात, आणि जमलं की "हं" म्हणतात. घरी यातलं काहीच नसतं. घरी शिकणाराही तुम्हीच आणि शिकवणारेही तुम्हीच, आणि शिकवणाऱ्याचं काम कसं करायचं हे तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही. आपल्याकडे "रियाज कर" असं हजार वेळा सांगतात. रियाज कसा करायचा, पहिल्या पाच मिनिटांत नेमकं काय करायचं, हे फार थोडे गुरू बसून दाखवतात.

तुमचा शुक्रवार रात्रीचा तास मी न बघता सांगू शकते, कारण आपण सगळेच तसं करतो. समजा तीनतालातली, म्हणजे सोळा मात्रांची, मसीतखानी गत (संथ लयीतली बांधलेली रचना) आहे. बाराव्या मात्रेवरून उठायचं, दिर दा दिर दा रा, पाच मात्रांचा मुखडा (गतीची सुरुवात) आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. इथवर छान येतं. पुढे मांझ्यात, म्हणजे गतीच्या मधल्या भागात, कुठेतरी बोट अडखळतं. तुम्ही "अरेरे" म्हणता आणि पुन्हा मुखड्यापासून सुरुवात करता. पुन्हा तिथेच अडखळता. असं वीस-पंचवीस वेळा होतं. तासाच्या शेवटी मुखडा, जो आधीच येत होता, तो आणखी पक्का झालेला असतो. आणि मांझ्यातली ती जागा? तिथे अडखळण्याचाही पंचवीस वेळा रियाज झालेला असतो. दुसऱ्या दिवशी बाईंसमोर बोट बरोबर तिथेच अडखळतं, कारण आदल्या रात्री तुम्ही त्याला तेच शिकवलंत.

अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियानोच्या १७ चांगल्या विद्यार्थ्यांना एक अवघड, जेमतेम तीन मापांचा, म्हणजे तालाच्या तीन छोट्या घरांचा, तुकडा बसवायला दिला आणि त्यांचा सराव टिपून ठेवला. दुसऱ्या दिवशी कोण चांगलं वाजवतं ते पाहिलं. २००९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी जास्त वेळ दिला किंवा जास्त वेळा वाजवलं तेच पुढे होते असं दिसलं नाही. जे वरचढ ठरले त्यांच्याही हातून सुरुवातीला चुका होत होत्या. फरक एवढाच, की चूक झाली की ते तिथेच थांबत, नेमकी जागा आणि कारण शोधत, लय कमी करत आणि ती जागा सुटेपर्यंत पुढे जात नसत. मला हे वाचून फार हलकं वाटलं होतं.

हलकं वाटायचं कारण तबला. मी शिकत होते तेव्हा माझं तिरकिट (ति-र-कि-ट असा चार ठोक्यांचा बोल) लय वाढली की फाटायचं. मी रोज मोजून पाचशे वेळा वाजवायचे आणि पाचशे झाले की हात पुसून उठायचे. दोन महिने काही फरक नाही. बसायचं नको वाटायला लागलं, आज पाहुणे, उद्या डोकं दुखतंय. मग एकदा फोनवर रेकॉर्ड करून ते संथ करून ऐकलं. ति ऐकू येत होतं. कि आणि ट ऐकू येत होतं. र नव्हताच. मधलं बोट आणि अनामिका ति मारून उठत होती, पण मनगट त्याच बाजूला कललेलं राहत होतं आणि तर्जनी शाईवर (तबल्यावरच्या काळ्या गोलावर) नुसती टेकून परत येत होती. म्हणजे दोन महिने मी तिरकिट वाजवतच नव्हते. पुढचा आठवडाभर मी फक्त ति-र, ति-र वाजवलं, मुंगीच्या पावलानं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी डग्ग्याची चुंबळ सरळ करत होते तेव्हा लक्षात आलं की आज घड्याळ बघून मी बसलेली नाही. र आज वाजतो का, हे ऐकायचं होतं म्हणून बसले आहे.

तुम्ही विचारता इच्छा कुठून आणायची. माझ्या अनुभवात ती बाहेरून आणता येत नाही आणि बसायच्या आधी फारशी येतही नाही. वाद्य हातात घेतल्यावर, एखादी छोटी, नेमकी गोष्ट ऐकायची असली की येते. "सतारीचा रियाज करायचा" यात ऐकण्यासारखं काही नाही, ते नुसतं ओझं आहे. "मांझ्यातल्या त्या चार मात्रा आज अडखळत नाहीत ना" यात उत्सुकता आहे. तुम्ही दोन वर्षं इच्छेची वाट बघत बसलात, आणि ती तिकडे सतारीच्या शेजारी तुमची वाट बघत राहिली.

आता पहाटेच्या तासाबद्दल. तो संकल्प तुम्ही सात-आठ वेळा केलात आणि सात-आठ वेळा मोडलात. दर वेळी दोष स्वतःला दिलात, संकल्पाला एकदाही नाही. मला तो संकल्पच चुकीचा वाटतो. एकदम दोन सवयी लावायच्या होत्या तुम्हाला, लवकर उठायची आणि वाजवायची, आणि पहिली मोडली की दुसरी आपोआप मोडत होती. शिवाय हा तास आला कुठून? आपण थोर वादकांच्या बारा-चौदा तासांच्या रियाजाच्या कथा ऐकत वाढलेलो असतो. त्या खऱ्याही आहेत. पण ती माणसं त्या काळात दुसरं काही करत नव्हती, गुरूच्या घरी राहत होती, आणि बरीचशी वयानं लहान होती. त्या चौदा तासांना मान देऊन आपण स्वतःसाठी "निदान एक तास तरी" ठरवतो, आणि एक तास जमत नाही म्हणून शून्य मिनिटं वाजवतो. मी वर सांगितलेल्या बर्लिनच्या अभ्यासातले सर्वोत्तम विद्यार्थी, ज्यांचं ते पूर्णवेळ शिक्षण होतं, तेसुद्धा रोज सरासरी साडेतीन तास एकट्यानं सराव करत, तोही तुकड्या-तुकड्यांनी, आणि दुपारी झोप काढत.

तुम्ही दहा मिनिटं वाजवा. रोज. दहा मिनिटांनी काय होणार, असं तुमच्या मनात येईल, म्हणून दोन कारणं देते.

एक कारण तुमच्या बोटांच्या टोकांवर आहे. सतारीची तार डाव्या तर्जनीला आणि मधल्या बोटाला कापते, तिथे घट्टे पडतात आणि मग दुखायचं थांबतं. सहा दिवस हात लावला नाही की ती कातडी पुन्हा मऊ पडत जाते. शुक्रवारी एकदम तासभर वाजवलं की बोटं सोलवटतात, मींड ओढताना, म्हणजे तार बाजूला खेचून स्वर चढवताना, जीव जातो, शनिवारी क्लासमध्ये त्याच बोटांनी वाजवायचं, आणि रविवारी सतारीकडे बघावंसंही वाटत नाही. तुमचा "कंटाळा" काही अंशी नुसती दुखरी बोटं असण्याची दाट शक्यता आहे. रोजची दहा मिनिटं घट्टे राखतात. दुसरं कारण झोपेचं. हाताला शिकवलेली हालचाल नंतरच्या झोपेत पक्की होते, हे आता बऱ्यापैकी सिद्ध झालेलं आहे. शुक्रवारच्या तासाला एकच रात्र मिळते. तीच साठ मिनिटं सहा दिवसांत वाटली तर सहा रात्री मिळतात.

ती दहा मिनिटं अशी घालवून बघा. पहिली दोन मिनिटं तानपुऱ्याचं ॲप लावून नुसता षड्ज. जोडीची तार छेडा आणि तिचा नाद पूर्ण विरेपर्यंत ऐका, मग पुन्हा. बोटांना काही काम नाही, फक्त कान घरी येऊ दे. मग सहा मिनिटं एकच जागा. गतीतल्या अडणाऱ्या चार मात्रा घ्या, आधीची एक मात्रा आणि नंतरची एक मात्रा जोडा, लय निम्मी करा, बोल तोंडानं म्हणत वाजवा. अडणारी जागा मींडेची असेल, समजा गंधाराच्या पडद्यावरून मध्यम ओढायचा आहे, तर आधी मध्यमाच्या पडद्यावर सरळ मध्यम वाजवा, तो कानात धरा, मग गंधारावर या आणि तार ओढत त्याच उंचीला पोचा. सुरुवातीला ती अलीकडेच राहील. थोडी आणखी ओढा. दोन्ही मध्यम एकमेकांत मिसळले की तुम्हाला कळेल, अंगावर कळेल. उरलेली दोन मिनिटं तुम्हाला जे वाजवावंसं वाटतं ते वाजवा, एखादी धून, लहानपणी शिकलेली एखादी सोपी गत, आणि त्यात काहीही दुरुस्त करू नका. आणि मग उठा. आणखी वाजवावंसं वाटत असलं तरी पहिले दोन-तीन आठवडे उठाच. थोडी भूक ठेवून उठलेलं बरं, ती दुसऱ्या दिवशी कामाला येते.

उठायच्या आधी एका वहीत एकच ओळ लिहा: उद्या कुठली जागा. "मांझा, तिसरी-चौथी मात्रा, डावं मधलं बोट उशिरा पडतं." बस. उद्या संध्याकाळी "आज काय करू" हा प्रश्नच उरणार नाही, आणि माझ्या मते बहुतेक रियाज याच प्रश्नापाशी बुडतो.

वेळ घड्याळातली धरू नका. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीच्या पाठीवर टाका. घरी आल्यावर कपडे बदलले की, किंवा सकाळी आंघोळ झाली की लगेच. फोन हातात घ्यायच्या आधी मात्र, कारण फोननंतर काहीच "लगेच" होत नाही. सवय लागायला किती दिवस लागतात याचा लंडनमध्ये फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता. एकवीस दिवसांत सवय लागते असं आपण ऐकतो. त्यांना सरासरी ६६ दिवस आढळले, आणि माणसागणिक अंतर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. याच अभ्यासात आणखी एक दिसलं, की मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात विशेष बाधा येत नाही. तुमचे संकल्प चौथ्या-पाचव्या दिवशी एक दिवस बुडाला म्हणून मोडले असणार. त्या दिवशी काहीच मोडलेलं नव्हतं. म्हणूनच फोनवर रोजची साखळी मोजणारी ॲप मला या कामाला फारशी आवडत नाहीत. काहींना ती लागू पडतात, पण तुमच्यासारखा स्वतःवर चटकन रागावणारा माणूस साखळी तुटली की सतारच ठेवून देतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मला ती पत्रभर जाणवत राहिली. वीस वर्षांपूर्वी तुमचा हात कसा चालायचा हे तुम्हाला आठवतं. शिवाय या मधल्या वर्षांत तुम्ही भरपूर ऐकलं असणार, त्यामुळे कान तेव्हापेक्षा कितीतरी तयार झाला आहे. हात मात्र मागे राहिला. आता वाजवायला बसलं की हा तयार कान त्या मागे राहिलेल्या हाताला दर स्वराला नाकारतो. नव्यानं शिकणाऱ्या मुलाला हे दुःख नसतं, त्याला आपलं बेसूर ऐकूच येत नाही. तुम्हाला येतं. तुम्ही सतारीपासून लांब पळता त्यात या वेदनेचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. यावर उपाय म्हणून वाजवायचा भाग इतका लहान करा की निदान तेवढ्यात तरी हात कानाला गाठेल. सगळी गत कानाच्या पसंतीला उतरायला वर्ष लागेल. एक मींड या आठवड्यात उतरू शकते.

ध्येय हवं का, परीक्षा द्यावी का, कुणासमोर वाजवायचं ठरवावं का, असं बरेच वाचक विचारतात. परीक्षेचा अभ्यासक्रम असला की काय करायचं ते ठरलेलं असतं, हा तिचा मोठा फायदा. तोटा असा, की परीक्षा संपली की वाद्य पुन्हा कव्हरमध्ये जातं, आणि तुमचा शुक्रवार-शनिवारचा खेळ आधीच एका छोट्या परीक्षेसारखा चालला आहे. तुमच्यासाठी मला दुसरा मार्ग जास्त जवळचा वाटतो: क्लासमधल्याच कुणा एकाशी जोडी जमवा. आठवड्यात एकदा दोघांनी आपापली अडलेली जागा अर्ध्या मिनिटात रेकॉर्ड करून एकमेकांना पाठवायची. छान झालेलं नाही, अडलेलंच पाठवायचं. चूक दाखवायची सवय झाली की शनिवारी मान खाली जाणार नाही.

ज्यांची मुलं वाद्य शिकत आहेत अशा पालकांसाठी इथेच सांगते, कारण याच विषयावर त्यांची पत्रं सगळ्यात जास्त येतात. "अर्धा तास वाजव, मग मोबाइल देईन" हा सौदा करू नका. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची मुळात आवड असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला होता. बक्षीस मिळेल असं आधी कबूल करून ज्यांच्याकडून चित्रं काढून घेतली, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात त्या रंगीत पेनांकडे कमी वळली. आवडीचं काम मोबदल्याचं झालं. त्यापेक्षा मूल वाजवत असताना दहा मिनिटं शेजारी बसा, आणि संपल्यावर "आज कुठली जागा सुटली?" एवढं विचारा. तुम्हाला संगीत कळत नसलं तरी चालेल. ते दाखवेल.

वाद्य दुसरं असलं तरी हेच लागू आहे, फक्त पायरी कुठे उंच आहे ते ज्यानं त्यानं शोधायचं. गिटार भिंतीला टांगा. कीबोर्डला हेडफोन लावा म्हणजे शेजाऱ्यांची भीती जाईल. बासरीवाल्यांना तर काही निमित्तच नाही. तबला लावायला वेळ नसेल त्या दिवशी मांडीवर हात ठेवून नुसती पढंत केली, म्हणजे बोल तोंडानं म्हटले, तरी तो रियाजच. आणि दुखण्याबद्दल एक: बोटाच्या टोकाची कातडी दुखली तर चालेल, मनगट, कोपर किंवा खांदा दुखला तर त्या दिवशी थांबायचं आणि बैठक तपासून घ्यायची. मांडी घालून गुडघे दुखत असतील तर बसायचं दुसरं काय करता येईल ते बाईंना विचारा. गुडघ्यापायी सतार सोडू नका.

हे सगळं तीन महिने प्रामाणिकपणे करूनही दहा मिनिटं जड जात असतील, तर सतार बंद करायचा पर्यायही उघडा ठेवा. हे मी मनापासून लिहिते आहे. नुसतं ऐकणारा माणूस कमी प्रतीचा नसतो, आणि दर आठवड्याला स्वतःची लाज वाटून घेण्यापेक्षा बाईंना सरळ सांगून थांबणं दोघांनाही बरं. पण आज तो निर्णय घेऊ नका. आजवर तुम्ही सतार सोडायचा विचार केलात तो तार तुटलेल्या, तरफा उतरलेल्या, बोटं सोलवटलेल्या सतारीबद्दल केलात. नीट लावलेल्या सतारीला एक संधी द्या.

येत्या शनिवारी बाईंकडे एक मागणं करा. त्यांना म्हणा, "आज नवीन काही देऊ नका. मी घरी रियाज करतो तसा तुमच्यासमोर दहा मिनिटं करतो. तुम्ही बघा आणि सांगा, मी घरी एकटा असताना काय करायला हवं." संकोच वाटेल. पण विद्यार्थी रियाज कसा करतो हे बघायला शिक्षकाला क्वचित मिळतं, त्यांना फक्त त्याचा परिणाम दिसतो. मला खात्री आहे की त्या दहा मिनिटांत त्यांना असं काही दिसेल जे माझ्यासारखीला पत्रातून दिसूच शकत नाही.

आणि पत्नीच्या वाक्याचं काय करायचं, ते मी तुमच्यावर सोडते. वाद घालू नका एवढंच सांगेन. दोन-तीन आठवड्यांनी ती एकसारखी झालेली मींड तिला बोलावून ऐकवा. अडलेलीही आणि सुटलेलीही, दोन्ही.

तार आणायला जाल तेव्हा एक आणू नका, चार आणा आणि मिझराबच्या डबीशेजारी ठेवा. चिकारी पुन्हा तुटणारच आहे.